शेवटच्या पेंढीची पाहुणी

१

लताला भाकरी खावीशी वाटावी, एवढ्याच कारणासाठी मी अमेरिकेत ज्वारी पेरली.

वसंतात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. छान झालं, असं सगळेच म्हणाले. पण तेव्हापासून तिची भूक जी गेली, ती परत आली नाही. आमची सून कादंबरी हौसेनं करून घालायची, कधी सूप, कधी मऊ भात. लता दोन घास घ्यायची आणि ताट पुढे सारायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन भरल्याशिवाय विमानात बसायचं नाही. आणि लताला तर घरी जायचं होतं, भोरला. सकाळी ती वजनकाट्यावर उभी राहायची आणि खाली न बघता मला विचारायची, "काय म्हणतो?"

"आहे तेवढंच म्हणतो," मी सांगायचो. काटा तसं म्हणत नसायचा.

एकदा ती आपणहून म्हणाली, "नव्या ज्वारीची भाकरी असती, तर खाल्ली असती अर्धी."

इथल्या दुकानात पीठ मिळतं, पण ते जुनं असतं, वासावरून कळतं. माझा जन्म पिठाच्या गिरणीत गेला, मला ते नाकाला लावायचीही गरज पडत नाही. मग यतीननं, माझ्या मुलानं, घराजवळच्या सार्वजनिक बागेत मला एक वाफा मिळवून दिला. मॉरिसव्हिलमध्ये आता नवी घरंच घरं झाली आहेत, पण ही एवढी जागा शेतीची उरली आहे. पूर्वी ती एल्सीबाईंच्या घराण्याची होती. बाईंनी ऐंशी ओलांडली असेल. रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या घरात एकट्याच राहतात. ज्वारीचं बी त्यांनीच दिलं. त्यांच्याकडे ताटं पिळून पाक करायचे म्हणे, कणसं कोंबड्यांना.

मला इंग्रजी येत नाही. शेजारच्या वाफ्यातली राधिका, नागपूरची, कडेवर बाळ घेऊन दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची. बाळाचं नाव अनय. त्याला नुकते दात आलेले.

रोज सकाळी मी जायचो, तण काढायचो, पाखरं हाकलायचो. चांगलं चाललं होतं.

२

सप्टेंबर लागला तशी बाग रिकामी व्हायला लागली. लोकांनी टोमॅटोची, काकडीची झाडं उपटून जागा साफ केली. तेव्हा मला ती पहिल्यांदा दिसली. पार टोकाच्या वाफ्याच्या कुंपणावर कोणीतरी गवताची बाई करून बसवली होती. कमरेत वाकलेली, डोक्याला पानांचं फडकं, नाक नाही, डोळे नाहीत. इथं थंडीच्या तोंडावर घरोघर असलं काहीतरी मांडतात, भोपळे काय, बुजगावणी काय. मी फारसं लक्ष दिलं नाही.

पुढे ती मधल्या वाफ्यात दिसली. मग चिनी आजोबांच्या दोडक्यांच्या मांडवाला टेकून. मग राधिकेच्या फाटकाशी. रोज थोडी अलीकडे. मला गंमत वाटली. लोकच हलवत होते, ते मी बघतही होतो. जो आपलं पीक काढून मोकळा व्हायचा, तो तिला उचलून ज्याचं राहिलंय त्याच्या वाफ्यात टाकायचा आणि हसत घरी जायचा.

एकच गोष्ट मला कळेना. ती ज्वारीच्या ताटांची होती. आणि या बागेत ज्वारी माझ्याशिवाय कोणाची नव्हती, आणि माझी तर उभी होती.

मागच्या सालची ताटं असतील, मी म्हटलं. वाळल्यावर काय, कितीही टिकतात.

माझी कणसं भरली होती, पण दाणा दाताखाली अजून पुरता टणक लागत नव्हता. ओला दाणा दळला तर पीठ चिकट होतं आणि भाकरी थापली जात नाही. लताच्या पहिल्या भाकरीला चीर जायला नको, म्हणून मी थांबलो. थांबलो म्हणून सगळ्यांत मागे राहिलो.

कापणीच्या दिवशी शेवटची पेंढी बांधत होतो, तेवढ्यात राधिका ओरडली, "काका, कॅच!"

ती बाई माझ्या छातीवर येऊन आदळली. मी दोन्ही हातांनी धरली. कोणी पडताना धरतात तशी.

"हे काय गं?"

"तुम्ही लास्ट आलात ना काका! ज्याचं पीक शेवटी राहतं, त्याच्याकडे ही विंटरभर राहते. एल्सीचे लोक स्कॉटलंडहून आले ना, तिथलं ट्रॅडिशन आहे. क्यूट आहे ना यार?"

"आणि तुझी गवार? ती तर उभीच आहे."

"शू! तेवढी एक रांग राहिलीय. कोण बघतंय?"

एल्सीबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. हळूहळू काही बोलल्या, त्यात एक शब्द होता, 'कॅल्याख'.

"म्हणजे म्हातारी," राधिकेनं सांगितलं. "म्हणतेय, शेडमध्ये खिळ्याला टांगा, तोंड भिंतीकडे करून. मार्चमध्ये पहिली सरी काढाल त्यात पुरून टाका. घरात नेऊ नका. पूर्वीचे लोक म्हणायचे, ज्या घरी ती थंडीत राहते, त्या घराला तिचं पोट भरावं लागतं. म्हणून कोणालाच शेवटी राहायचं नसायचं."

यतीनच्या घराला शेड नाही. मी तिला गॅरेजमध्ये ठेवायचं ठरवलं.

३

तो दिवस गौरी यायचा होता.

लताच्या गौरींचे मुखवटे भोरला, जावेकडे. सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी एका खांद्यावर कणसांचं पोतं, दुसऱ्या काखेत ती बाई, असा गॅरेजमधून आत शिरलो, तर लता दारात उभी. एवढ्या महिन्यांत ती कोणी न उठवता उठली नव्हती.

"ही कुठं मिळाली तुम्हाला?"

"अगं, हे इथल्या लोकांचं काहीतरी आहे. ठेवतो इथंच कोपऱ्यात."

"माझ्या माहेरी तेरड्याची गौर असायची," ती म्हणाली. "ही ज्वारीची. थांबा, हलू नका तिथून."

तिनं तांदळाचं पीठ कालवलं. मूठ बुडवून गॅरेजच्या दारापासून आपल्या खोलीपर्यंत पावलं उमटवत गेली, प्रत्येकावर बोटांचे पाच ठिपके. मध्येच बसून दम घ्यायची, पुन्हा उठायची. कादंबरी वर मीटिंगमध्ये होती, नाहीतर तिनं हे करू दिलं नसतं. मी अडवायला हवं होतं का? पण तिच्या गालावर रंग आला होता. तो बघून कोण अडवेल?

मग ती उंबऱ्याआत उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "कोण आलं?"

"गौर आली," मी म्हटलं. दरवर्षी बायकांचं ऐकून पाठ होतं.

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्यामोत्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण मी सकाळपासून उपाशी राबलेला, पोतं खांद्याला काचत होतं, आणि लता कितीतरी दिवसांनी माझ्याशी अशी हसून बोलत होती. मला थट्टा सुचली.

"भुकेच्या पावलांनी आली," मी म्हटलं. "आता वाढतेस की बोलतच बसतेस?"

"जळ्ळं मेलं तुमचं लक्षण!" लता हसली. पण हसता हसता तिनं माझ्या काखेतल्या बाईकडे पाहिलं आणि पदर सावरला. पाहुणीकडे बघून सावरतात तसा.

त्या बाईला लताच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं. लतानं आपली चॉकलेटी साडी नेसवली. आधीच तोडून वाळवलेल्या पहिल्या कणसांचं पीठ मी मिक्सरवर काढलं, भाकरी झाली, चीर गेली नाही. संध्याकाळी लताचं ताट परत आलं, तर त्यात भाकरीचा तुकडाही उरला नव्हता.

मी मोरीवर उभा राहून ते रिकामं ताट कितीतरी वेळ धूत होतो. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

४

सकाळी चहा ठेवायला गेलो, तर शेगडीपुढे दोन पावलं.

लताची पावलं तिच्या खोलीपाशी संपत होती. ही दोन निराळी, शेगडीकडे तोंड करून. त्यांना बोटांचे ठिपके नव्हते. मी म्हटलं, लता दमली असेल, ठिपके द्यायचे राहिले असतील. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, तर ते पीठ नव्हतं. बोटांना भुसा लागला, बारीक, कोरडा. कणसं मीच झोडली होती, भुसा घरभर झालाच होता. मी पुसून टाकलं.

गौरी पाठवायच्या दिवशी लतानं नाही म्हटलं.

"कुठं जाईल ती? तुमच्या त्या अंधाऱ्या गॅरेजमध्ये? राहू दे माझ्याजवळ. मला सोबत होते."

कादंबरी म्हणाली, "अण्णा, राहू दे ना. आईंचा मूड बघा किती छान आहे. जेवतायत पण."

जेवत होती, हे खरंच. ताट खोलीत मागायची, दार लोटून घ्यायची आणि रिकामं ताट बाहेर यायचं. आधी एक भाकरी, मग दोन, मग त्यावर दूधभात. मी रोज दळत होतो, थापत होतो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात काम केलं नसेल.

पण काटा खाली जात होता.

मला वाटलं काटा बिघडला. मी स्वतः उभा राहिलो, माझं होतं तेवढंच होतं. लताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी नव्या तपासण्या लिहून दिल्या. यतीन म्हणाला, "अण्णा, सर्जरीनंतर होतं असं. खाल्लेलं अंगी लागत नाही. रिपोर्ट येऊ दे, मग बघू." तो शिकलेला आहे, आणि जे म्हणाला ते पटण्यासारखंच होतं. मी ते मनाशी घोकत होतो.

एका दुपारी मी तिच्या दारापाशी थांबलो. आतून आवाज येत होता. रिकाम्या जात्यात पहिली मूठ पडते आणि वरची पाळू फिरायला लागते, तसा. कोरडा, सावकाश. मध्ये थांबे, मग पुन्हा सुरू होई. घराला गरम हवेच्या नळ्या आहेत, त्या कुरकुरतात. मी कान देऊन ऐकलं. नळ्या त्या दिवशी बंद होत्या.

दार ढकललं. लता पलंगाच्या कडेला बसलेली, हात पुढे. बोटं मिटलेली, घास धरल्यासारखी, आणि त्या बाईच्या तोंडापाशी टेकलेली. तोंड म्हणजे काय, पानांची गाठ. बोटांत घास नव्हता.

"काय करतेस गं?"

"अहो, तिला एकटीला घास जात नाही," लता म्हणाली. तिच्या आवाजात मला अगदी सुनेचं बाळंतपण करणाऱ्या बाईची माया ऐकू आली. "थकलीय हो बिचारी. मी भरवते. ती जेवली की माझंच पोट भरतं."

"आणि तू?"

"आम्ही जेवलो की."

मी जमीन पाहिली, साडीच्या निऱ्या झटकल्या, गादी उचलली. कुठे कणही सांडलेला नव्हता. मग तिला हलवावं म्हणून खुर्चीसकट उचलायला गेलो. जन्मभर पोती उचलली मी. हाताला कळतं आत काय आहे. कडब्याची बाई फुलासारखी यायला हवी होती. ती भरल्या पोत्यासारखी आली. मी खाली ठेवली आणि तिच्या साडीचा पदर नीट केला. का केला, सांगता येणार नाही.

५

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस होता. गल्लीत सगळ्यांच्या दारात भोपळे, सांगाडे. लता झोपली असताना मी त्या बाईला घेऊन बाहेर पडलो. राधिकेला फोन केला होता, ती गाडी घेऊन आली. मागे अनय त्याच्या सीटमध्ये, शेजारी ती बाई, पट्टा लावून.

"काका, तुम्ही पण ना!" राधिका आरशातून बघत हसली. "डेट नाईटला घेऊन चाललात की काय हिला?"

एल्सीबाईंनी खिडकीतून गाडी पाहिली आणि पोर्चवर आल्या. आम्हाला आत बोलावलं नाही. गाडीजवळ उभं राहूनच बोलणं झालं. मी सगळं सांगितलं, भुकेच्या पावलांचंही. राधिकेनं आधी हसत हसत सांगायला घेतलं, मग तिचा आवाज हळू होत गेला.

एल्सीबाईंनी काचेतून मागच्या सीटवरच्या बाईकडे पाहिलं. मग राधिकेनं त्यांना काही विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि राधिका माझ्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"मी विचारलं, ही तू कधी बनवतेस? तर म्हणते, मी नाही बनवत. मला वाटायचं, तुमच्यापैकी कोणीतरी बनवतं."

वारा सुटला होता. रस्त्यावर पानं घासत चालली होती.

"आजचा दिवस आहे," राधिका पुढचं सांगू लागली. "साविन म्हणते ती, म्हणजे हॅलोविनच. सूर्य मावळेपर्यंत तिला पुढे देता येतं, ज्याचं पीक अजून उभं आहे त्याला. मावळला की ती थंडीभर बसली. आणि म्हणते..." ती थांबली. "म्हणते, माझी गवार उभी आहे. मी लवकर फेकली. रूलप्रमाणे ती माझीच आहे."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. लताच्या कोपराशी सरलेल्या बांगड्या डोळ्यांपुढे आल्या. राधिका तरुण, धडधाकट, तिच्या घरात पीक काय आणि म्हातारी काय, कशावरच कोणाचा विश्वास नाही. तिला काय होणार?

"द्या ना काका," तीच म्हणाली. "इट्स जस्ट स्ट्रॉ. मी ठेवते गॅरेजमध्ये. लतामावशींना बरं वाटत असेल तर माझं काय जातं?"

मी गाडीचं मागचं दार उघडलं. अनय बिस्किट खात होता. तो मला बघून हसला आणि शेजारच्या बाईपुढे बिस्किट धरलं, मुलं धरतात तसं. "मम," म्हणाला. हात तिच्या तोंडाच्या गाठीला लागला. त्यानं हात मागे घेतला तेव्हा बिस्किट अर्धं होतं.

त्याचं तोंड हलत नव्हतं. तो आपल्या मुठीकडे बघत होता.

त्यानंच आधी खाल्लं असेल. मी सीट पाहिली, पट्ट्याखाली पाहिलं. तुकडा नव्हता.

"नको गं," मी राधिकेला म्हटलं. "माझ्याकडेच राहू दे."

"अहो, पण मावशी..."

"एल्सीबाईंना विचार, दुसरं काही करता येतं का."

बाईंना माझं बोलणं शब्दांवाचूनच कळलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता आणि खूप हलका.

"माझ्या लहानपणी एका थंडीत ही आमच्याकडे होती," राधिका त्यांचं एकेक वाक्य सांगत गेली. "माझा धाकटा भाऊ वाळत चालला. त्याच्या पाळण्याजवळच तिला ठेवलेलं. मग आईनं तिची खुर्ची उचलून टेबलाशी, स्वतःच्या बाजूला आणली. आणि आपल्या ताटातलं वाढायला लागली."

"मग?"

"भाऊ आहे अजून. व्हर्जिनियात असतो."

आईचं त्यांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परतताना मी पुढे बसलो आणि त्या बाईला मांडीवर घेतलं.

६

लता रडली. मी तिच्याकडून खेळणं हिसकावून घेतल्यासारखी रडली.

"तुम्हाला तिचं जेवण बघवत नाही! म्हातारीचं खाणं काढता!"

"काढत नाही. माझ्या पंक्तीला बसवतोय. तू पड थोडी."

स्वयंपाकघरात ऊन तिरपं आलं होतं. मी टेबलाशी माझ्या खुर्चीजवळ तिची खुर्ची लावली. कादंबरी आणखी कँडी आणायला गेली होती, यतीन ऑफिसात. एकच ताट घेतलं. भाकरी, वरण, लोणच्याची फोड. ताट दोघांच्या मध्ये ठेवलं आणि म्हटलं, "बाई, आता इथं. तिला सोडा. ती अजून लहान आहे तुमच्यापुढे."

काही झालं नाही. घड्याळ टिकटिकत होतं. मला माझंच हसू आलं. सत्तरी उलटलेला माणूस, गवताशी बोलतोय.

मग मला वाटलं, परक्या घरात बाईमाणूस पुरुषासमोर कसं जेवेल? कोणी ताटाकडे टक लावून बसलं तर आपल्यालाही घास जात नाही. मी उठलो, तिच्याकडे पाठ केली आणि शेगडीवर दुसरी भाकरी टाकली. भाकरी फुगत होती. मागे तो आवाज सुरू झाला, कोरडा, सावकाश.

शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे. त्याचं दार काळ्या काचेचं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे गेले. काचेत टेबल दिसत होतं आणि तिची चॉकलेटी साडी. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता आणि अंग भिंतीकडे वळवलं होतं, लाजून जेवतात तसं. पदराखालून कोपर हलत होतं.

ते कोपर कडब्याचं नव्हतं.

मी भाकरीकडे बघत राहिलो. ती करपली. माझ्या पोटात सकाळपासून भूक होती, चांगली कडकडून लागलेली. ती हळूहळू ओसरत गेली, हौदाचा बोळा काढल्यावर पाणी उतरतं तशी. त्रास झाला नाही. उलट मला तिची कीवच आली. किती वर्षांची भूक असेल ती.

दारावरची घंटा वाजली. गल्लीतली पोरं आली होती, भुतांचे मुखवटे लावून. मी त्यांना ओंजळभरून चॉकलेटं दिली.

७

त्या रात्री लतानं दूध मागितलं. दोन दिवसांनी मिरचीचा ठेचा मागितला, आणि कादंबरीला "तुझ्या हाताला मीठच नाही" म्हणाली. कादंबरीनं आनंदानं यतीनला ऑफिसात फोन करून ते सांगितलं. काटा वर सरकू लागला. रिपोर्ट चांगले आले. यतीन म्हणाला, "बघा अण्णा, मी म्हटलं होतं ना." मी म्हटलं, "खरंय बाबा."

लताला खुर्ची हलवल्याचं पुढे फारसं आठवेना. कधीतरी स्वयंपाकघरातून जाताना ती त्या बाईकडे बघायची आणि म्हणायची, "कुठून आणलंत हे ध्यान?" आणि तरीही जाता जाता तिच्या साडीची निरी सारखी करायची.

मला अन्नाची चव लागत नाही. जेवायला बसतो, ताट रिकामं होतं, आणि मी हात धुतो. यतीननं पट्ट्याला नवी भोकं पाडून दिली. "तुम्ही पण चेकअप करा," म्हणतो. करतो म्हटलं.

डिसेंबरात लताला घेऊन यतीन भारतात गेला. माझंही तिकीट काढत होता. मी कारणं सांगितली, गुडघे, थंडी, विमानाची भीती. खरं कारण कसं सांगणार? मी गेलो तर ती बाई कोणाच्या ताटाशी बसेल? कादंबरी घरी आहे. मार्चपर्यंत थांबायचं, पहिली सरी काढायची, मग बघू.

निघताना लतानं दारात माझा हात धरला. "अहो, तुम्ही जेवता ना नीट?"

"जेवतो की."

"हाडं लागतायत हाताला."

"तुझ्यावाचून कोण करून घालणार मला," मी म्हटलं. ती हसली, पण हात लवकर सोडला नाही.

आज सकाळी तिचा व्हिडिओ फोन आला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. तिच्या पुढ्यात ताट होतं, भाकरी, पिठलं, कांदा. गाल भरले होते. ती खात होती, बोलत होती, बोटं चाटत होती, मध्येच जावेला "अजून अर्धी वाढ गं" म्हणत होती. मी नुसता बघत बसलो होतो. मला वाटलं, एवढं बघायला मिळालं, आता काही नको.

माझंही ताट टेबलावर होतं. मी त्याच्याकडे पाठ करून फोन हातात धरला होता, नेहमीसारखा. मागचा आवाज थांबला होता. जेवण झालं असेल, मला वाटलं.

लता बोलता बोलता थांबली. घास हातातच राहिला. फोनच्या अगदी जवळ येऊन ती माझ्या खांद्यामागे काहीतरी बघू लागली.

"अहो," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, त्यामुळेच मला वळता येईना. "जरा बाजूला सरका. मला दिसत नाहीये नीट."

मी सरकलो.

"केव्हाची थांबलीय हो ती, घास हातात घेऊन," लता म्हणाली. "तुमच्यासाठी. तोंड उघडा ना."

माझ्या गालाला काहीतरी कोरडं लागलं. नव्या ज्वारीचा वास आला, किती दिवसांनी आला.

मी मागे पाहिलं नाही. तोंड उघडलं.